दुखवट्याचा ठराव

सोसायटीची सभा खाली पार्किंगमध्ये भरायची आणि उमा ती पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून ऐकायची. घर श्रीरंगच्या नावावर, म्हणून सभासद तोच. मुकुंदवाडीतल्या त्या इमारतीचा अध्यक्षही तोच. कुंड्यांना पाणी घालता घालता उमाला त्याचा चढलेला आवाज ऐकू आला की ती मनातल्या मनात हसायची.

हा आवाजच तर तिला आवडला होता. कॉलेजात अभिरूप संसद भरली, तेव्हा उमा सभापती होती आणि श्रीरंग विरोधी पक्षनेता. हरकतीचे मुद्दे काढून काढून त्यानं सरकारचं विधेयक असं लोंबकळत ठेवलं, की तासाची घंटा झाली आणि मतदान राहूनच गेलं. सभापतीच्या खुर्चीत बसून तिनं कसंबसं हसू दाबलं होतं.

पुढं लग्न झालं, तो राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झाला, पण ती कला काही सुटली नाही. नको असलेला विषय निघाला की तो चारपाच जणांना डोळ्यांनी खुणवायचा. ते चहाच्या निमित्तानं उठायचे आणि हा गंभीर चेहऱ्यानं विचारायचा, "सभेला पुरेशी माणसं आहेत का हो?" झालं, सभा बंद. नाहीतर नळाला पाणी येण्याचा दिवस बघूनच तो सभा ठेवायचा. आठवड्यातून कधीतरी येणारं ते पाणी. 'आलं, आलं' अशी हाळी उठेपर्यंत हा बोलत राहायचा. मग कुठली सभा न् कुठलं मतदान! सगळे बादल्यांकडं पळायचे. उमाही मोटार लावायला धावायची, हसत हसत.

तिसऱ्या मजल्यावर कडुबा राहायचा. त्याची आई भामाबाई. गुडघे गेल्यापासून ती खाली उतरलीच नव्हती. चौदा एप्रिलची मिरवणूकही तिनं कठड्याला धरून नुसती ऐकली होती. उमाशी तिच्या गप्पा गॅलरीतून गॅलरीत चालायच्या. दोरीला बांधलेल्या पिशवीतून वरून शेंगदाण्याची चटणी उतरायची, खालून कढीपत्ता चढायचा.

कडुबानं लिफ्टचा विषय आणला. दारोदार फिरून बहुतेकांचा होकारही मिळवला. अडचण एकच होती. लिफ्ट उमाच्या गॅलरीसमोरून जाणार होती, तिथलं ऊन अडणार होतं.

"अडू दे की," उमा म्हणाली. "कुंड्या गच्चीवर नेईन मी."

श्रीरंगनं पेपरातून मान वर केली नाही.

त्याच सुमाराला जालन्याला उमाचा एकुलता एक भाऊ, हेमचंद्रदादा, गेला. तिकडचं सगळं आटोपून ती परतली आणि दोनच दिवसांनी सभा होती. नेहमीसारखी ती गॅलरीत बसली, पण हात कुंडीला लागत नव्हता.

खाली श्रीरंग बराच वेळ बोलला. नळाकडं बघत बोलला. पाणी येणार होतं, आलं नाही.

"सर, आता हात वर करायला सांगा ना," कडुबा म्हणाला.

श्रीरंग उभा राहिला. "त्याआधी एक दुःखद गोष्ट सांगायची आहे. माझे मेव्हणे हेमचंद्र नुकतेच आपल्यातून गेले." मग तो दादाच्या शांत स्वभावाबद्दल, मनमोकळ्या हसण्याबद्दल इतकं सुंदर बोलला की वर उमानं पदर तोंडाला लावला. 'यांना किती लागलंय!' तिला वाटलं. सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. "त्यांना श्रद्धांजली म्हणून सभा तहकूब करतो."

"सर, पण माझा विषय?"

"दुखवट्यात मतदान घ्यायचं का, कडुबा? बरं दिसेल ते?"

खुर्च्या सरकल्या. उमा डोळे पुसत दार उघडायला गेली, तर जिन्यात शेजारच्या सर्जेरावांचा आवाज आला.

"सर, मानलं बुवा! नळानं दगा दिला, तर मेव्हणा धावून आला!"

"हळू बोला, वर ऐकू जाईल," श्रीरंग म्हणाला. आणि हसला.

उमाचा हात कडीवरच राहिला.

थोड्या वेळानं जिन्यात काहीतरी घासटल्यासारखं वाजलं. तिनं दार उघडलं. भामाबाई बसल्या बसल्या, हातावर भार देत, एकेक पायरी उतरत येत होती. मागून सून मेघा तिला सावरत होती.

"अहो भामाबाई! हे काय करताय?"

"दादा गेले व्हय, उमाताई? सर खाली बोलले तवा कळलं मला. लई वंगाळ झालं, माय."

"म्हणून इतकं उतरायचं?"

"मंग? दुःख काय पिशवीत घालून धाडू व्हय खाली?" तिनं उमाचं डोकं छातीशी ओढलं. "लिफ्टचं ऱ्हाऊ द्या. दादापरीस मोठी हाय का ती? सरांनी बराबर केलं."

तेव्हा मात्र उमा रडली. जालन्यात रडली नव्हती इतकी रडली. भामाबाईला वाटलं, भावासाठीच रडतेय. उमानं तसंच वाटू दिलं.

कडुबानं आईला पाठुंगळी घेऊन वर नेलं. खालून वर येणारा श्रीरंग त्यांना वाट देत जिन्यात भिंतीला चिकटून उभा राहिला.

"तुझ्या उजेडासाठीच केलं गं," घरात आल्यावर तो म्हणाला.

"मी मागितला होता?"

महिन्याभरात कडुबानं आईला चिकलठाण्याला, बहिणीच्या बैठ्या घरात नेऊन ठेवलं. "लिफ्ट झाली तर येईन, नायतर हीच भेट," पायरीवर टेकत भामाबाई म्हणाली होती. पुढच्या सभेला कडुबा येणार नव्हता. त्याला आता आशाच नव्हती.

"तुम्ही मांडा तो विषय," उमा श्रीरंगला म्हणाली.

"अध्यक्षाला विषय मांडता येत नाही, उमा. सभापती होतीस ना तू?"

सभेत विषय पुकारला गेला. "मांडणारा हजर नाही," सर्जेराव म्हणाले.

"मी मांडते," उमा गॅलरीतून ओरडली.

सगळ्यांनी वर पाहिलं. श्रीरंगनं नाही पाहिलं. "सभासद नसलेल्यांना सभेत बोलता येत नाही," तो म्हणाला, अगदी त्याच आवाजात, ज्यासाठी एकदा तिनं हसू दाबलं होतं. "विषय वगळला."

मग नळाला पाणी आलं. हाळी उठली, खाली पळापळ झाली. "उमा, मोटार!" श्रीरंगनं हाक मारली.

उमा हलली नाही. कुंड्यांवर स्वच्छ ऊन पडलं होतं, आणि वरून खाली सोडलेली दोरी रिकामीच हलत होती.