घाटावर वदवलेला शब्द

सरांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना.

कुकडी नदीच्या घाटावर सगळा गाव बसला होता, शेजारच्या पिंपळवंडीहूनही माणसं आली होती. प्रवचन झालं, पुढाऱ्यांनी श्रद्धांजली वाहिली. सगळ्यांत लांबलं ते आमच्या विकास सोसायटीच्या चेअरमनचं भाषण. "मास्तरांनी गावाला वाचायची गोडी लावली," असं ते माईकवरून म्हणाले. सरांनी उभं केलेलं वाचनालय याच माणसाने बंद केलं होतं. खोली पुतण्याच्या खताच्या दुकानाला दिली, पुस्तकं पोत्यांत भरून रद्दीत घातली. सर तेव्हा दारात उभे होते. त्यानंतर ते घराबाहेर फारसे पडलेच नाहीत.

मी वाढले वडिलांनी मोर्च्यांतून आणलेल्या पत्रकांवर. कोणाविरुद्ध लढायचं ते पत्रकांत असायचं. लढताना माणसाचं काय होतं, ते मला त्या खोलीतल्या जुन्या ग्रीक नाटकांच्या भाषांतरांनी सांगितलं. तिथे मेलेल्याचा सूड घरचं माणूस घेतं, आणि मग तो सूड त्याच्याच घरी मुक्कामाला येतो. सर सांगायचे, "पोरी, त्यांची नाटकं देवाच्या उत्सवात व्हायची. पुढारी समोर बसलेला आणि मंचावर त्याचीच टर." मला त्यातलं हे शेवटचंच जास्त आवडायचं.

ऊन चढलं. सरांच्या मुलाने हात जोडून आईला सांभाळायचा शब्द दिला. कावळे झाडावरच.

"काय राहिलं आसंल मास्तरच्या मनात?"

"भात आळणी झाला का बघा. मास्तर मिठाला लई कडक व्हता."

मी उठले. "वाचनालय राहिलंय. ज्यांनी बंद केलं त्यांनी शब्द द्यावा."

चेअरमन हसले. "ताई, ही काय जागा हाय का बोलायची?"

"आत्ता तुम्हीही इथेच बोललात."

मागून एक म्हातारा म्हणाला, "द्या की शब्द, राव. माणसं उपाशी हायेत."

चेअरमननी चपला काढल्या, पिंडासमोर हात जोडले. "मास्तर, खोली मोकळी करतो."

"पुस्तकं?"

"पुस्तकं बी नवी आणतो."

"जुनी कोणी विकली?"

माईक चालूच होता. त्यांनी एकदा माईककडे बघितलं. मग म्हणाले, "म्या विकली. चुकलं."

थोड्या वेळाने कावळा आला. लोक पांगले म्हणून आला असेल.

सरांच्या बायकोने मला बाजूला घेतलं. "पिंड घालू नका, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. पोराने ऐकलं नाही. आणि तू त्याच पिंडापुढे शब्द घेतलास."

"मला माहीत होतं, काकू."

"त्यांना नसतं आवडलं."

"नसतंच."

पंगतीत मी मुद्दाम चेअरमनच्या समोर बसले. ते भात नुसता चिवडत होते. मी भात दुसऱ्यांदा मागून घेतला.