बुडणाऱ्या माणसाचं काम

तुम्हाले वाटत असन, आता हा सांगन की लहानपणी विमान पाह्यलं अन तवाच ठरवलं, मी पायलट होईन. आई डोळे पुसन, बाप छाती फुगवन. नाही ना राजेहो. आमच्या उंद्री गावावरून विमान जाते ते इतक्या उंचावरून, की खाली उंद्री हाये हे त्याले माहीतच नसते. मी फक्त त्याचा आवाज काढायचो, तोही मास्तर फळ्याकडं वळले की.

मंग परीक्षा दिल्या, निवड झाली, वर्दी मिळाली. समुद्रात अडकलेल्या माणसाले हेलिकॉप्टरनं वर ओढून काढायचं, असं आमचं दल. घरी कळलं तं आत्या म्हने, "हेलिकॉप्टर सरकारीच हाये ना रे? मंग दर गुरुवारी शेगावले सोडत जाय मले." काका म्हने, "जिल्ह्यात समुद्राचा पत्ता नाही, अन हा समुद्रात लोकं वाचवन. काऊन बे, विहिरीतले संपले का?"

ट्रेनिंगमध्ये माझा रूममेट हरियाणाचा. पोट्टा लय मेहनती, पण हेलिकॉप्टर हवेत एका जागी थांबवायचं म्हटलं की त्याचे तळहात घामानं चिंब. खाली पाण्यात माणूस, वरून तार सोडायची, अन तवर मशीन जागची हलू द्यायची नाही. या टेस्टमध्ये तो एकदा नापास झाला होता. आता दुसरी अन शेवटची. नाही जमली तं पायलटकी खतम, बाकी नोकरी फाइली उचलण्यात.

पाण्यातला माणूस म्हणून मीच पुढं झालो. रूममेटनं सकाळी हात जोडले. "भाई, चुपचाप तैरते रहना. एक्टिंग मत करना."

आता असं मले सांगावं का कोणी? अख्ख्या बॅचची नक्कल करून झाली होती. परीक्षक सरांची तं खास फर्माइशीवर. सर पुण्याचे, लय चिडले की आमच्याशी मराठीत बोलतात अन 'तू'चं 'तुम्ही' करतात. बुडणारा माणूस तेवढा करायचा राह्यला होता.

नियम सोपा. जॅकेट फुगवायचं, तरंगत राह्यचं. एक हात सरळ वर केला तं माणूस खरंच संकटात, टेस्ट बंद.

जॅकेट मी फुगवलंच नाही. फुगलेला माणूस बुडताना शोभत नाही. वर हेलिकॉप्टर आलं, पाणी नुसतं तोंडावर मारून राह्यलं, पण मशीन अशी थांबली जशी खुंटीले टांगली. पोट्ट्याले जमून राह्यलं होतं! मले इतका आनंद झाला की दोन गटांगळ्या खाल्ल्या अन एक झकास बुडी मारली.

आमच्या विहिरीत बुडी मारली की तळाचा गाळ मुठीत घेऊन वर यावं लागते. आधी मूठ बाहेर, मंग मुंडकं. नाहीतर तळाले गेला हे पोट्टे मानत नाहीत. लहानपणापासूनची सवय. गाळ नव्हता, पण मूठ आपली सरळ वर.

वर रूममेटशेजारी बसलेल्या सरांनी टेस्ट बंद करून कंट्रोल स्वतःकडं घेतले. जवळच उभ्या ठेवलेल्या बोटीतल्या जवानानं मले कॉलर धरून पोत्यासारखं ओढलं.

"अरे, मैं ठीक हूँ!"

"अब बता रहा है?"

हँगरपाशी रूममेट हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. माझ्याकडं पाह्यलंबी नाही. मी सरांपुढं गेलो. "सर, त्याची चूक नाही. आमच्या विहिरीत..."

"विहीर राहू द्या. जॅकेट का नाही फुगवलंत तुम्ही?"

मी जॅकेटचं पाणी पिळाले लागलो.

"बुडणारा माणूस असा नाचत नाही. श्वास पुरत नाही त्याला, ओरडतासुद्धा येत नाही. मी काढलेत बाहेर, मला माहितीये. त्या मुलानं आज मशीन तसूभर हलू दिली नव्हती, आणि तुम्ही त्याचं पायलट होणं पाण्यात घालायला निघालात. टेस्ट उद्या परत होईल. तुम्ही बोटीतसुद्धा बसायचं नाही. पाण्यात आपला रबरी पुतळा टाकतोय मी. सांगितलं तेवढंच करतो तो."