लिफ्टमिस्त्रीच्या चार ओळी

त्याला आजवर कुणी धड टेकलेला पाहिला नव्हता. जेवायला बसला तरी एक गुडघा उभाच, आणि तो गुडघा शिवणयंत्राच्या सुईसारखा वरखाली. आई म्हणायची, "ह्याला देवानं पायाला भिंगरी बांधूनच धाडलाय." बारशाचं नाव मागं पडलं, भिंगरी तेवढी राहिली. असा माणूस लिफ्टच्या धंद्यात पडला ते बरंच झालं. पाच इमारतींच्या लिफ्ट त्याच्याकडं होत्या. दिवसभर गच्चीवरची मशीनची खोली, खालचा खड्डा, परत गच्ची. धंदा आणि खोड एकाच मापाची निघाली.

अडलं ते कागदाशी.

प्रत्येक इमारतीच्या मशीनच्या खोलीत एक रजिस्टर खिळ्याला टांगलेलं असायचं. काम झालं की त्यात इंग्रजीत एक ओळ लिहायची. ती ओळ उस्तादानं पहिल्या दिवशी घालून दिली होती. "कालची बघ आणि तशीच काढ," उस्ताद म्हणाला होता. भिंगरीनं मांजराचं चित्र काढावं तशी ती काढली. लिफ्ट चेक्ड, वर्किंग ओके. बावीस वर्षं रोज पाच वेळा तो हेच मांजर काढत आला. आठवड्यानं सुपरवायझर यायचा आणि मांजराच्या शेपटाशी सही ठोकून जायचा.

आता त्याला इन्स्पेक्टर व्हायचं होतं. परीक्षेत लिफ्ट तपासायची आणि पानभर इंग्रजी रिपोर्ट लिहायचा. दोनदा बसला. तपासणीत परीक्षकानं तोंडात बोट घातलं. रिपोर्टात भिंगरीनं मांजर काढलं. "मिस्त्री, हात बोलतो तुमचा, कागद मात्र मुका," परीक्षक म्हणाला. बसायला तीनच संधी, त्यातली ही शेवटची. आणि फॉर्मवर सुपरवायझरची सही लागत होती.

म्हणून पाचांतल्या एका इमारतीत, म्हणजे कॉलेजात, चौथ्या मजल्यावर संध्याकाळी जो पायाभूत इंग्रजीचा वर्ग चालायचा, त्यात त्यानं नाव घातलं. वर्गात सगळी अठरा-एकोणीसची पोरं. मध्ये हा शेहेचाळिसाचा, खिशात पान्हा, दाराजवळच्या बाकावर. तास सुरू झाला की बाक थरथरायला लागायचा.

"काका, पाय!" पुढच्या बाकावरची मुलगी मागं वळून म्हणायची. "माझं अक्षर नागमोडी येतंय."

"अगं, तुझं अक्षर तरी येतंय," भिंगरी म्हणायचा.

शिकवणाऱ्या बाई गुडघ्यानं अधू होत्या. लिफ्टनं यायच्या, काठी फळ्याला टेकवायच्या आणि पहिली दहा मिनिटं रोज एकच काम द्यायच्या. आज डोळ्यांनी काय पाहिलं ते इंग्रजीत लिहा. खोडायचं नाही, शेजारच्याचं बघायचं नाही, पुस्तकातलं आणायचं नाही. चुकलं तर चुकलं.

भिंगरीनं पहिल्या दिवशी मांजर काढलं. बाईंनी वाचलं.

"हे तुम्ही पाहिलंत?"

"रोज पाहतो, बाई."

"ओके दिसतं कसं? रंग काय त्याचा? वास येतो?"

पोरं हसली. भिंगरी कानापर्यंत तांबडा झाला. ओके कसं दिसतं, हा प्रश्न बावीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. पुढचे दोन महिने तो कोरं पान पुढ्यात घेऊन बसला. एक शब्द लिहायचा आणि उठून खिडकीशी जायचा. दुसरा लिहायचा आणि पाणी प्यायला जायचा. भिंतीपलीकडून लिफ्टचा आवाज यायचा आणि तिसरा शब्द त्यातच वाहून जायचा. पण एक-एक करत अक्षरं लागू लागली. दार उघडलं. दार अडकलं. दारात मुंगी होती.

एका मंगळवारी त्यानं लिहिलं, 'रोप इज रेड. रेड इज नॉट गुड.'

बाईंनी मान डोलावली. "वा. काय पाहिलंत नक्की? मराठीत सांगा आता."

भिंगरी उभाच होता. "लिफ्ट ज्या लोखंडी दोरांवर लोंबते ना बाई, त्यांच्यावर लाल भुकटी धरलीय. बाहेरून वाटतं धूळ. पण तो आतला गंज. आत तारा एकमेकींना खातात आणि भुकटी बाहेर टाकतात. बारा मिलीमीटरचा दोर, एके ठिकाणी अकराच्याही खाली गेलाय."

"कुठल्या इमारतीचा?"

"ह्याच."

बाईंची नजर काठीकडं गेली.

"आणि रजिस्टरात काय लिहिलंय आज?"

भिंगरी बाकावर बसला. आज बाक हलला नाही.

"तीन महिन्यांत दोनदा सुपरवायझर साहेबांना सांगितलं मी," तो शेवटी म्हणाला. "तोंडी. ते म्हणाले, बघू."

बाई त्या दिवशी जिन्यानं उतरल्या. एकेका पायरीला काठीचा ठोका पडत होता, आणि भिंगरी वर उभा राहून ते ठोके ऐकत होता.

घरी त्यानं ताट तसंच ठेवलं आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या सुरू केल्या.

"फरशी झिजवून खालच्यांच्या घरात उतरणार आहात का?" बायकोनं विचारलं.

त्यानं सगळं सांगितलं. खरं लिहिलं तर सुपरवायझर उघडा पडणार. त्यानंही तीन महिने सह्या केल्यात. मग तो फॉर्मवर सही कशाला करतोय? परीक्षा गेली. शेवटची होती.

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर काय, परीक्षेला बसेन."

"बसाल? तुम्ही?" बायको म्हणाली. "आत्ता ताटावर बसवत नाही, परीक्षेला बसणार म्हणे."

ती कूस बदलून झोपली. बाईमाणसानं एवढंच बोलावं आणि झोपून जावं, ह्याचा त्याला फार राग आला.

गुरुवारी सकाळी तो मशीनच्या खोलीत गेला, दोर पुन्हा मोजले, पुन्हा पुसले. फडकं विटकरीसारखं झालं. मग त्यानं रजिस्टर खिळ्यावरून काढलं आणि उभ्या-उभ्याच, मोटरच्या पेटीवर टेकवून लिहिलं. चार ओळी. दोर लाल आहेत. एक दोर बारीक झाला आहे. मी हे तीन महिने पाहिलं. लिफ्ट बंद करा. चार ओळींना पाऊण तास लागला. खाली जाऊन मेन स्विच पाडला आणि रजिस्टर कॉलेजच्या ऑफिसात नेऊन दिलं.

सुपरवायझर दुपारी आला तो तापलेल्या तव्यासारखा.

"ते पान फाड."

"पानांना नंबर आहेत, साहेब."

"दोन महिने शाळेत काय गेलास, शिंगं फुटली? फॉर्म घेऊन येशील ना माझ्याकडं? ये. वाट बघतो."

जुने दोर उतरवले, नव्यांना वेळ होता. सारं कॉलेज जिना चढू लागलं आणि चढता चढता भिंगरीचा उद्धार करू लागलं. पुढच्या बाकावरची मुलगी धापा टाकत म्हणाली, "काका, खरं लिहिलंत ते बरंच केलंत, पण तळमजल्याच्या वर्गात बसून लिहायचं होतं." बाई वीस मिनिटं आधी निघायच्या. एकदाही कुरकुरल्या नाहीत, आणि तेच त्याला जास्त टोचायचं.

असा आठवडा गेला. फॉर्म घडी घालून अजून खिशातच होता. शनिवार शेवटचा दिवस.

शुक्रवारी तास चालू असताना वर्गाच्या दारात सुपरवायझर उभा राहिला. चार मजल्यांनी त्याची पार वरात काढली होती. शर्ट ओला, तोंडाला फेस. हातात कंपनीच्या मोठ्या ऑफिसचं पत्र. तीन महिने ओके लिहिलं, मग एका दिवसात दोर खराब कसे झाले, ते लेखी कळवा.

त्यानं भिंगरीला बाकावरच गाठलं आणि आवाज खाली आणला. "तू लिही. तुला येतं आता. लिही की दोर आदल्या दिवसापर्यंत चांगले होते, एकदम बिघडले. लिहून दे, आणि काढ तुझा फॉर्म. आत्ता सही करतो."

त्याचं स्वतःचं इंग्रजी सहीपुरतंच आहे, हे भिंगरीला तेव्हा कळलं. म्हणजे मांजर दोघंही काढत होते.

भिंगरीनं वही ओढली. लिहिलं, उठला, खिडकीशी गेला, परत आला, लिहिलं. दहा मिनिटांत पान भरलं. मग इंग्रजीत वाचून दाखवलं. सुपरवायझर मान डोलावत होता. "वजनदार झालंय," म्हणाला आणि पेन उघडलं. पुढच्या बाकावर कुणीतरी खुसकन हसलं. भिंगरीचा पाय असा हलू लागला की पेनाचं टोपण बाकावरून खाली पडलं.

"थांबा, साहेब. मराठीत ऐका. दोर तीन महिन्यांपासून लाल होते. मी तोंडी सांगितलं, पण रजिस्टरात ओके लिहिलं. चूक माझी आहे. वरच्यांनी न बघता सही केली. चूक त्यांचीही आहे."

सुपरवायझरनं खाली वाकून टोपण उचललं, पेनाला लावलं आणि पेन खिशात घातलं. "बस मग इथंच जन्मभर," एवढं म्हणून तो निघाला.

लिफ्ट चालू असती तर तो गेलाच असता. राग एका मिनिटात तळमजल्याला पोचतो आणि दाराबाहेर पडतो. पण जिना होता. आणि जिन्याच्या पायथ्याशी उतरवलेल्या दोरांचे तुकडे पडले होते, कापलेली तोंडं वर करून.

बाईंनी खडू उचलला. वर्ग पुढं चालला. भिंगरीला त्यातला एक शब्द कळला नाही. पाव तासानं दारात पुन्हा धापा ऐकू आल्या.

सुपरवायझर आत आला. त्याच्या उजव्या हाताची बोटं लाल होती. ती त्यानं एकमेकांवर चोळली, त्यांच्याकडं बघितलं.

"दोराचा आतला गाभाच नाही राहिला रे," तो म्हणाला. "नुसतं पीठ. मी गेल्या महिन्यात पोरीला घेऊन आलो होतो ह्या लिफ्टनं. प्रवेशाला." मग बाकावर बसला. "मी न बघता सही केली, हे जिथं लिहिलंयस, ते कुठंय? बोट ठेव."

भिंगरीनं बोट ठेवलं. त्यानं पानाखाली सही केली. मग फॉर्मवर. दोन्हींवर अंगठ्याचा लाल डाग उमटला.

"हे पुसतं का?" त्यानं विचारलं.

"नाही," भिंगरी म्हणाला.

शनिवारी फॉर्म डागासकट गेला. परीक्षेच्या दिवशी भिंगरीनं लिफ्ट तपासली आणि लिहायला बसला. पान भरलं. पुरवणी मागितली. ती भरत आली, तेव्हा शेजारचा परीक्षार्थी कळवळून म्हणाला, "अहो, पाय तेवढा थांबवा, माझा बाक हलतोय."

"थांबेल हो," भिंगरी मान वर न करता म्हणाला, "दोन दोर लिहायचे राहिलेत."