टाकीतला दिवा

सासरे डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेले, तेव्हा माशांची टाकी त्यांनी मुलाच्या नव्हे, सुनेच्या हवाली केली. "तो विसरेल," आप्पा म्हणाले. "टाकीतल्या झाडांना आठवड्यातून टोपणभर खत. दिवा संध्याकाळी थोडाच वेळ, नाहीतर शेवाळ धरतं. आणि मुकादमाला सांभाळ." मुकादम म्हणजे जाडसर नारिंगी मासा, कामावर देखरेख केल्यासारखा टाकीभर फिरायचा.

सून घरीच शिवणकाम करायची. तिचं मशीन टाकीला लागूनच, अंधाऱ्या कोपऱ्यात. पहिल्याच संध्याकाळी तिच्या लक्षात आलं, टाकीचा उजेड नेमका सुईवर पडतो. काळ्या कापडावरचा काळा दोरासुद्धा दिसतो. एवढी बाही होऊ दे, एवढी कॉलर होऊ दे, असं करत दिवा जेवणं उरकली तरी जळत राहू लागला.

पानांवर तपकिरी ठिपके आले. बिचाऱ्यांना खायला कमी पडतंय असं वाटून ती रोज खत ओतू लागली. मग शेवाळानं जोरच धरला. आज काच पुसावी तर उद्या पुन्हा हिरवी. पाणी गढुळलं. मुकादम सकाळी वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागला.

"मासे कसे आहेत?" आप्पा फोनवर विचारत.

"मजेत," ती म्हणे, आणि फोन ठेवून पुन्हा काच पुसायला घेई.

आप्पा परतले. टाकीपुढे बराच वेळ उभे राहिले. "डॉक्टरनं डोळे नीट बसवलेत ना? मला सगळं हिरवंच दिसतंय."

"खत जास्त झालं माझ्याकडून." दिव्याचं तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

"होतं गं. मायेनं घातलंस."

ते तिला जास्तच टोचलं. खत टाकीसाठी घातलं होतं. दिवा स्वतःसाठी जाळला होता.

आप्पांच्या मुलानं पाणी बदललं, काच खरवडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पांनी दिवा लवकर मालवला. ती सुईत दोरा ओवत बसली. नेम चुकत राहिला.

"डोळे माझे गेले होते की तुझे?" आप्पा हसले.

"आप्पा, दिवाही मीच जाळत होते. शिवायला."

त्यांचं हसू ओसरलं. ते टाकीकडे बघत राहिले, मग मशीनकडे.

"हे मशीन या कोपऱ्यात मीच ठेवायला लावलं होतं ना?"

त्यांनी मशीनची एक बाजू धरली. "चल, खिडकीपाशी नेऊ."

"तुम्हाला वजन उचलायचं नाहीये."

"मग तो येईपर्यंत इथंच बसतो," म्हणत आप्पा स्टुलावर टेकले. टाकीकडे पाठ करून.