काशीरामचं सड्यावरचं बिऱ्हाड

ब्याऐंशी साली गिरण्यांचा संप लांबत गेला आणि काशीराम कायमचा गावी आला. मुंबईत त्याची सगळी उमर कापूस पिंजायच्या यंत्रांपाशी गेली होती. कापसाचा बारीक तंतू छातीत बसला होता. चाळीचा जिना चढताना मध्येच थांबावं लागायचं. राजापूरच्या वर, अर्जुना नदीच्या खोऱ्यातल्या आपल्या वाडीत पोचल्यावर त्याने अंगणात उभं राहून लांब श्वास घेतला.

"आता बरा होशील बघ," शेजारचा महिपत म्हणाला. वाडीत त्याचा शब्द चाले. "इथली हवाच औषध हाये."

पावसाळाभर ते खरंही ठरलं. इतकी वर्षं एकटीने शेती ओढणाऱ्या बायकोबरोबर, राहीबरोबर, तो लावणीला उतरला. त्याची वाकडी ओळ बघून राही पदराआड हसायची.

दिवाळीनंतर थंडी पडली. खोरं तिन्ही बाजूंनी डोंगरांनी आवळलेलं. रात्रीची गार हवा उतारावरून घरंगळत तळाशी येऊन बसे. सकाळी चुलींचा धूर कौलांतून निघे, माडाच्या शेंड्यापर्यंत चढे आणि तिथेच आडवा पडे. ऊन खाली उतरेपर्यंत तो हलत नसे. काशीरामचा खोकला परत सुरू झाला.

मग माघात भाजावळ आली. भाताची रोपं जिथे काढायची ती जमीन आधी भाजावी लागते. तिच्यावर शेण, तोडलेल्या फांद्या, वाळक्या पानांचा पातेरा अंथरून सगळी वाडी पहाटे आग लावी. तिसऱ्याच दिवशी काशीराम ओटीवरच्या खांबाला मिठी मारून बसला. ओठ काळेनिळे, डोळे बाहेर. माणसांनी त्याला डोलीतून रस्त्यावर नेलं, तिथून एसटीने राजापुरात. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि राहीला सांगितलं, "यांना धुरापासून लांब ठेवा."

"कुठे ठेवू?" राही म्हणाली. "आमचं घरच धुरात हाये."

परत आल्यावर ती थेट महिपतकडे गेली. "दादा, भाजावळ दुपारी करा. खाडीकडचा खारा वारा चढला की धूर निघून जाईल."

"वारा नसतो म्हणून तर आपण सकाळी लावतो, राही. वाऱ्यावर आग कुणाला आवरत नाय."

पण वाडीतले निम्मे पोरगे मुंबईत पहिल्यांदा काशीरामच्याच खोलीत उतरले होते. महिपत उठून घरोघर सांगून आला.

काही दिवस बरे गेले. दुपारी वारा यायचा, धूर घाटाकडे निघून जायचा. काशीराम नदीपर्यंत चालून येऊ लागला. मग एका दुपारी वारा एकदम फिरला. ठिणग्या वाळक्या गवतात पडल्या आणि आग उतारावरून वर, सावित्रीच्या काजीत, काजूच्या झाडांत, शिरली. सावित्री विधवा, मोहरलेल्या त्या झाडांवर तिचं वर्ष चालायचं. सगळे हिरव्या डहाळ्या घेऊन धावले. काशीरामही धावला आणि बांधावरच कोसळला. आग विझली तेव्हा काजीचे काळे बुंधे उरले होते.

"तुझा दोष नाय, राही," सावित्री म्हणाली. "पण नवी काजी धरेपर्यंत मी काय करू?"

कुणी राहीला बोल लावला नाही, तेच तिला सोसवेना.

सकाळी काशीराम भिंती धरत महिपतच्या अंगणात गेला. "उद्यापासून पहाटेच लावा."

"आणि तू?"

"मी सड्यावर जातो."

सड्यावर, डोंगरमाथ्याच्या त्या सपाट पठारावर, नुसता कातळ आणि पिवळं गवत. झाड नाही, पाणी नाही, पण वारा दिवसभर. माणसांनी त्याला तिथे गवताची खोप उभी करून दिली. राही पाणी नि भाकरी डोक्यावरून वर नेई. छाती मोकळी झाली. पण वरून पाहिलं तर खोऱ्यात पांढुरका धूर काठोकाठ भरलेला असे. घरं दिसत नसत. गुरांचं हंबरणं, कुणाचं खोकणं तेवढं वर येई. त्यात राही आहे, हे त्याला ठाऊक होतं. तिचा हंडा धुरातून वर येईपर्यंत तो कडेला उभा राही.

असं दरवर्षी चाललं. माघात वर, मृगाला खाली. शहाऐंशी साली राही अर्ध्या चढावर हंडा उतरवून खोकू लागली. आधी त्याला वाटलं, चढ आहे म्हणून. मग ती खोपीत बसल्यावरही खोकायची.

"यंदा तूपण वरच राहा," तो म्हणाला.

"मग जमीन कोण भाजणार? सड्यावर भात पिकतं काय?"

दुसऱ्या दिवशी पहाटे तोंडाला पंचा बांधून तो तिच्याबरोबर खाली निघाला. जिथून धूर सुरू होत होता तिथपर्यंत तो पोचला. पुढे पाय टाकला आणि दम कोंडला. तो दगडावर बसला.

"अर्धीच जमीन भाज," तो मागून म्हणाला. "अर्धंच भात खाऊ."

राही वळली. काही बोलायला तिने तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तिने होकाराची मान हलवली आणि खाली उतरली.

त्या वर्षी त्यांनी निम्मीच रोपं काढली. पावसाळ्यानंतर आलेलं भात होळीच्या आत संपलं, मग नाचणीवर भागवलं. राहीचा खोकला थोडा कमी झाला. गेला मात्र नाही; शेजारच्या घरांची भाजावळ पूर्वीसारखीच चालू होती.