खदानीतली कळशी

साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून ज्या गोष्टीबद्दल मी ‘आठवत नाही’ असं सांगितलं, ती मला आजही आठवते. हे घरातसुद्धा कधी बोललो नाही. आता निवृत्त झालो आहे, आता लिहितो.

भूकंपाला बारा वर्षं होऊन गेली होती. मी लातूर जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. लातुरात गल्लोगल्ली शिकवणीचे वर्ग निघाले होते आणि परीक्षा आल्या की मुलं हरवल्याच्या तक्रारीही येत. त्या वर्षी बारावीची एक मुलगी भाड्याच्या खोलीवरून निघाली ती परतलीच नाही. दुसऱ्या दिवशी शेळ्या राखणारी एक बाई ठाण्यात आली.

“खदानीपाशी सायकल हुबी हाय, साहेब. मानूस न्हाई. म्या कालपासून बघून राहिले.”

सायकल त्या मुलीचीच निघाली.

खदान निजामाच्या काळातली. सडकेसाठी दगड फोडता फोडता खाली झरा लागला, काम सोडलं आणि पाणी भरलं ते कायमचं. नांदेडहून गोदावरीत बुडालेल्यांना काढणारे पोहणारे आणले. ते तळाला पोचेनात. कान धरून वर येत. शेवटी हैदराबादहून पाठीवर सिलिंडर लावून बुडी घेणारा पाणबुड्या बोलावला. मुलीचा बाप काठावर बसून होता. “पेपरावरून मीच तिला लई बोललो, साहेब,” एवढं एकच वाक्य तो दोन दिवस बोलत होता.

शोधाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वायरलेसवर निरोप आला. मुलगी लोह्याला मावशीकडे सुखरूप होती. सायकल तिथंच लावून ती जीपनं गेली होती. बाप उठला, बसला, पुन्हा उठला. आमचा जमादार म्हणाला, “पोरगी कोरडी राहिली, साहेब. बुडालो ते आपुन.” काठावरचे सगळे हसले. मीही हसलो आणि पाणबुड्याच्या दोरीला हिसके देऊन त्याला वर बोलावलं.

तो वर आला, तोंडातली नळी काढली आणि म्हणाला, “साब, बच्ची नै मिली. पन नीचे कोई तो भी है.”

त्याच्या हातात पितळेची कळशी होती. दगडांनी ठासून भरलेली, तोंड फडक्यानं बांधलेलं, गळ्याला नायलॉनची दोरी. त्या दोरीच्या दुसऱ्या टोकाशी गाळात हाडं आहेत, असं त्यानं सांगितलं. संध्याकाळपर्यंत ती वर काढली. एका तरुण बाईची होती.

पंचांसमोर कळशी ओल्या फडक्यानं पुसली. आपल्याकडं लग्नात दिलेल्या भांड्यावर नावं घालतात. भाचीचं नाव होतं, देणाऱ्या मामाचं नाव होतं, आणि खाली देवणी तालुक्यातलं गाव. जमादार ते मोठ्यानं वाचत होता. या कळशीबद्दल मी आधी ऐकलं होतं.

भूकंपाच्या वेळी मी नवा फौजदार होतो. प्रेतं एकत्र जाळली जात होती. मी इतके पंचनामे केले की हात चालत होता, डोकं चालत नव्हतं. एका तरुणानं सांगितलं की बायको मलब्यात गेली, कालच अग्नी दिला. दोन शेजाऱ्यांनी माना हलवल्या. मी सही केली. चौथ्या दिवशी त्या बायकोचा मामा आला. भाचीला आईबाप नव्हते, यानंच वाढवलेली. मलब्यातून काढून ठेवलेली भांडी तो एकेक करून बघून आला होता.

“फौजदारसाहेब, ताट हाय, घंगाळ हाय. म्या दिलेली कळशी तेवढी न्हाई. भिताडाखाली माझी पोरगी न्हवती बगा. तिच्या नवऱ्याला इचारा.”

“इथं माणसं सापडेनात आणि तू कळशी शोधतोस?” मी चारचौघांत ओरडलो.

त्यानं हात जोडले आणि तो गेला. डायरीत मी एक ओळही लिहिली नाही.

आता बारा वर्षांनी त्या नवऱ्याला ठाण्यात आणलं. पुनर्वसनातल्या घरात तो दुसऱ्या बायकोसोबत राहत होता. खदानीची बातमी अजून पेपरात आली नव्हती. मी चहा दिला, पिकाचं विचारलं. संशयित माणूस प्रश्नांची तयारी करून येतो; समोरचा गप्प बसला की त्याची पंचाईत होते.

“पहिलीच्या लग्नातली कळशी कुठं गेली?”

“मलब्यात गेली, साहेब. समदंच गेलं.”

मी कळशी टेबलावर ठेवली आणि बसून राहिलो. चहा गार झाला. शेवटी तोच म्हणाला, “तिनं सोताच उडी मारली आसंल.”

“कुठं रे?” जमादारानं विचारलं.

“खदानीत.”

खदान हा शब्द आमच्यापैकी कुणीच काढला नव्हता. त्यानंतर त्यानं सगळं सांगितलं. गणपती उठायच्या दोन दिवस आधी भांडण झालं, त्यानं तिचा गळा दाबला, बैलगाडीतून खदानीवर नेलं. शेजाऱ्यांना ‘मामाकडं गेली’ म्हणून सांगितलं होतं. “मग जमीन हालली, साहेब. मला वाटलं, देवानंच झाकलं.” तेरा वर्षांच्या नोकरीत मी बरंच ऐकलं होतं. हे ऐकून मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, आणि तिथं त्यानं ती फिरवलीच. मामानं मात्र सरळ सांगितलं, “चवथ्याच दिशी म्या फौजदारसायबाला कळशीचं बोललो हुतो.” बचावाच्या वकिलानं मला विचारलं, असं कुणी आलं होतं का. हो म्हणालो असतो तर चौकशी लागली असती, आणि माझी बढती तोंडावर होती.

“आठवत नाही,” मी म्हणालो.

मामानं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली, जणू खोटं तोच बोलला होता. इतकी वर्षं कुणालाच संशय कसा आला नाही, या मुद्द्यावर नवरा सुटला.

शंका घेऊन आलेल्या माणसाचं बोलणं कितीही किरकोळ वाटलं तरी आधी लिहून घ्या, हे मी पुढं प्रत्येक नव्या फौजदाराला सांगत आलो. ते कुठं शिकलो, हे कुणाला सांगितलं नाही.

मुद्देमाल परत देण्याचा हुकूम झाला तेव्हा मामा कळशी न्यायला आला. पावतीवर सही केली, कळशी धोतराच्या फडक्यात गुंडाळली. मला वाटलं, आता बोलेल. मी खुर्चीतून उठलो होतो.

“घरची इचारून राहिली, साहेब,” तो म्हणाला. “हिच्यात पानी भरावं का न्हाई?”

मग कळशी काखेत धरून स्टँडकडं चालू लागला.