दादाची हलकी रजई

माझा थोरला भाऊ गादीवाला. उभा जन्म कापूस पिंजण्यात गेला, त्यामुळे त्याच्या भुवयांवरही कायम तंतू चिकटलेले असतात आणि तो चिडला तरी मला हसूच येतं. रजई हातात उचलून तो तिची पारख करतो. जड ती उबदार, हलकी म्हणजे निव्वळ फसवणूक. यावर त्याच्याशी वाद घालायची कोणाची बिशाद नव्हती.

त्या हिवाळ्यात आईला थंडी सोसेना. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, वय झालंय, अंगावर मांस उरलेलं नाही, ऊब सांभाळा. दादाने फारच मनावर घेतलं. तिच्या रजईत त्याने आणखी कापूस ठासला, मग आणखी. आई त्या ओझ्याखाली कुडकुडत उताणी पडून राही. पण रजई लेकाने केलेली, तक्रार कशी करणार? ती दिवसेंदिवस खंगत चालली होती आणि मला ते बघवत नव्हतं.

मी शाळेत शिकवते. तेव्हा वर्गात बर्फातल्या प्राण्यांचा धडा चालू होता. जिथे समुद्रसुद्धा गोठतो, तिथे अस्वल उघड्यावर खुशाल झोपतं! कातडीखाली चरबीचा जाड थर, वर दाट केस, आणि त्या केसांत अडकलेली हवा अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. वाचताना माझ्याच अंगावर काटा आला. मुलांना दाखवायचा प्रयोग आधी घरी करून बघावा म्हणून मी चार बरण्या काढल्या आणि दादाकडे कापूस मागितला.

"अस्वलाला कशाला हवाय कापूस?" तो म्हणाला. पण दिला, आणि बघायलाही बसला.

तीन बरण्यांत कढत पाणी ओतलं. एक उघडी ठेवली. दुसरीला कापूस दाबून घट्ट बांधला, तिसरीला तेवढाच कापूस फुलवून सैल गुंडाळला. दादाने अर्थातच घट्ट बरणीवर पैज लावली. चौथीत नळाचं गार पाणी भरून तीही फुलवलेल्या कापसात ठेवली.

जेवणं उरकून पाहिलं. उघडी गार पडली होती, घट्ट बांधलेली कोमट होती. सैल कापसातल्या पाण्यात दादाने बोट बुडवलं आणि झटकन बाहेर काढलं. मग चौथीत घातलं. पाणी गारच.

"हिच्यात का नाही आली ऊब?"

"कापसात ऊब नसतेच, दादा. अस्वलाच्या केसांतही नसते. अस्वल आतून स्वतः तापतं, केसांत अडकलेली हवा ती ऊब नुसती अडवून धरते."

त्याने घट्ट बांधलेल्या बरणीवरचा कापूस बोटांनी दाबून पाहिला. "म्हणजे ठासून ठासून मी हवाच घालवली की गं."

टोमणा अगदी ओठावर आला होता, पण त्याचा चेहरा बघून गिळला. त्याने तडक आईची रजई उसवली, सगळा कापूस पुन्हा पिंजला, निम्माच भरला आणि टाके विरळ घातले.

सकाळी आई कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन गाढ झोपली होती. दादाने हळूच रजईखाली हात सरकवला आणि तसाच ठेवला. त्याचे डोळे भरून आले.

"हात घालून बघ."

मी घातला. आत केवढी ऊब होती!

"ही सगळी तिची," तो कुजबुजला. "एवढ्याशा हाडांच्या मोळीतून येतेय. मी आपला समजत होतो, मी देतोय."

आईने डोळे न उघडताच आम्हाला फटकारलं, "हात काढा रे दोघं, गार वारा आत येतोय."